श्वसनवायूंची मिश्रणे आणि सागरी श्रमाचे अर्थकारण

चेन्नईतील जॉर्ज टाउन या जुन्या व्यापारी वस्तीला लागूनच चेन्नई बंदर आहे. १८८१ मध्ये अधिकृतपणे सुरू झालेल्या या कृत्रिम बंदराचे दृश्य कामकाज धक्क्यांवर चालते. मात्र कोणत्याही बंदरात धक्क्याच्या पाण्याखालील बांधकामाची तपासणी आणि जहाजाच्या तळाची पाहणी ही कामे पाणबुड्यांवर सोपवावी लागतात. बंदरातील वीसेक मीटरपर्यंतच्या खोलीत त्यासाठी साधी दाबित हवा पुरते. मुंबई हाय तेलक्षेत्रात समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर आहे. तेथे हीच हवा घातक ठरू शकते. हा फरक विज्ञानाचा आहे, तसाच खर्चाचाही आहे.

खोली आणि दाब

समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे एक बार असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात सुमारे एका बारची भर पडते. म्हणजे २० मीटरवर एकूण दाब ३ बार, तर ७५ मीटरवर ८.५ बार होतो. डाल्टनच्या नियमानुसार मिश्रणातील प्रत्येक वायूचा आंशिक दाब त्याच्या प्रमाणानुसार ठरतो. हेन्रीच्या नियमानुसार, आंशिक दाब वाढला की द्रवात विरघळणारा वायूही वाढतो. यातून तीन धोके संभवतात.

१) नायट्रोजनची गुंगी : साधारणपणे ३० मीटरच्या पुढे नायट्रोजनमुळे निर्णयशक्ती मंदावू लागते.

२) ऑक्सिजनची विषबाधा : ऑक्सिजनचा आंशिक दाब कामाच्या वेळी १.४ बारच्या आत राखण्याचा संकेत आहे, १.६ बार ही कमाल मर्यादा मानली जाते. साध्या हवेतही ७५ मीटरवर तो सुमारे १.८ बार होतो.

३) दाबविकार : पाणबुड्या वेगाने वर आल्यास शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात. म्हणूनच टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके हाल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली.

प्रमुख मिश्रणे

नायट्रॉक्स : यात ऑक्सिजनचे प्रमाण हवेपेक्षा जास्त, बहुधा ३२ किंवा ३६ टक्के असते. नायट्रोजन कमी असल्याने पाण्याखाली अधिक वेळ थांबता येते. मात्र नायट्रॉक्स अधिक खोल जाण्यासाठी असते, हा समज चुकीचा आहे. ३२ टक्के मिश्रणाची मर्यादा १.४ बारच्या निकषाने सुमारे ३४ मीटर येते. हवेची हीच मर्यादा सुमारे ५६ मीटर आहे.

हेलिऑक्स व ट्रायमिक्स : हेलिऑक्समध्ये हेलियम व ऑक्सिजन असतात, ट्रायमिक्समध्ये त्यांच्या जोडीला नायट्रोजनही असतो. हेलियममुळे गुंगी येत नाही, परंतु शरीराची उष्णता लवकर निघून जाते आणि आवाज बदलतो. १० टक्के ऑक्सिजनचे हेलिऑक्स ७५ मीटरवर ०.८५ बार ऑक्सिजन देते; पृष्ठभागावर मात्र त्याच मिश्रणाने मनुष्य बेशुद्ध पडू शकतो. म्हणून सिलिंडरवर मिश्रणाची नोंद आणि वापरापूर्वी तपासणी अनिवार्य ठरते.

खर्चाचे गणित

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तत्कालीन मद्रास इलाख्यातील गुंटूर येथून फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. त्याच वर्षी सूर्यप्रकाशात आढळलेल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेमुळे हेलियमचा माग लागला. असे असले तरी भारताला आपली हेलियमची गरज प्रामुख्याने आयातीतून भागवावी लागते.

मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला व उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. अशा खोलीवर दीर्घकाळ काम करण्यासाठी ‘सॅच्युरेशन डायव्हिंग’ ही पद्धत उपयुक्त ठरते. पाणबुडे जहाजावरील दाबकक्षातच राहतात आणि बंद घंटेतून कामाच्या जागी उतरतात. सुमारे एका दिवसात शरीर वायूने संपृक्त होते. त्यानंतर काम कितीही दिवस चालले तरी दाब उतरवण्यास लागणारा काळ तेवढाच, म्हणजे या खोलीसाठी काही दिवसांचा असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा स्थिर खर्च होय. काम जितके अधिक दिवस चालेल, तितका दर दिवसामागे त्याचा भार कमी होतो.

हा खर्च टाळला गेला तर काय होते? तामिळनाडूच्या थुतुकुडी किनाऱ्यावर शंख वेचणारे अनेक पाणबुडे बोटीवरील कॉम्प्रेसरमधून नळीने येणाऱ्या हवेवर काम करतात. ही हवा स्वस्त आहे. परंतु इंजिनाचा धूर हवेत मिसळल्यास कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जातो आणि दाबामुळे त्याचा परिणाम तीव्र होतो. खोलीची व वेळेची नोंद नसल्यास दाबविकाराचा धोका वाढतो. दिवसाची कमाई वेचलेल्या शंखांवर अवलंबून असेल, तर वर येताना थांबण्याची मिनिटे कामगाराला तोट्याची वाटतात. अशा वेळी सुरक्षिततेचा वाचलेला खर्च नाहीसा होत नाही. तो पाणबुड्याच्या शरीरावर आणि त्याच्या कुटुंबावर पडतो. शंखाच्या बाजारभावात त्याचे प्रतिबिंब उमटत नाही. नकारात्मक बाह्य परिणामाशी साधर्म्य असलेले हे ठळक उदाहरण आहे.

यावरील उपाय केवळ महागड्या मिश्रणांत नाहीत. उथळ पाण्यात शुद्ध हवा, खोली व वेळेची शिस्त, प्रशिक्षण, विमा आणि किनाऱ्याजवळ दाबकक्षाची उपलब्धता यांतून बराच धोका टाळता येतो. सागरी अर्थव्यवस्थेच्या विस्ताराची चर्चा करताना बंदरांची क्षमता आणि तेलाचे उत्पादन मोजले जाते. पाण्याखालच्या श्रमिकाची सुरक्षितताही त्याच हिशेबात धरली गेली पाहिजे.