उतरती किंमत, बदलते यंत्र आणि ग्राहकाचे मन
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

वस्तूची किंमत उतरली की मागणी वाढते, हा नियम आपण सर्वांनी अकरावीपासून घोकला आहे. क्रमिक पुस्तकांत या नियमाला चहा-कॉफी, गहू-तांदूळ अशी उदाहरणे असतात, आणि ती देताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते : किंमत बदलली तरी वस्तू तीच आहे. गहू स्वस्त झाला म्हणून त्याचा दाणा बदलत नाही. परंतु बाजारात अशाही वस्तू आहेत की ज्यांचे नाव तेच राहते, किंमत उतरते आणि आतला माल मात्र गुपचूप बदलतो. गेम कन्सोल, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्याचे यंत्र, ही अशीच एक वस्तू होय. वार्षिकाच्या पानांवर हा विषय काहींना पोरकट वाटेल. तथापि मागणीचा नियम कोठे खरा ठरतो आणि कोठे अडखळतो, हे पाहायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही.

या धंद्याची रीत प्रथम सांगितली पाहिजे. कन्सोल एकटा घेऊन काही उपयोग नाही. त्याबरोबर खेळ हवेत. पेन आणि शाई यांच्याप्रमाणे ही संयुक्त मागणी आहे. म्हणून कंपन्या पुष्कळदा यंत्र तोट्यात विकतात आणि खेळांच्या विक्रीतून, तसेच इतरांच्या खेळांवरील स्वामित्वशुल्कातून तो तोटा भरून काढतात. यंत्र जितक्या घरांत जाईल तितके खेळ बनविणारे पुढे येतात, आणि खेळ जितके अधिक तितके यंत्र अधिक हवेसे वाटते. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबत नाही. पण पहिला धक्का द्यावा लागतो, आणि तो बहुधा किंमतच देते.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ हे या चक्राचे उत्तम उदाहरण होते. २००० साली अमेरिकेत ते २९९ डॉलरला आले, २००२ मध्ये १९९ वर, २००४ मध्ये १४९ वर आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरले. जगभरात त्याची विक्री १५ कोटी ५० लाखांच्याही पुढे गेली. अशा यशानंतर कंपनीला वाटले असावे की आपल्या नावावर ग्राहक कितीही पैसे मोजेल. त्या समजुतीची परीक्षा २००६ साली झाली. (माझा जन्मही त्याच वर्षीचा, त्यामुळे या यंत्राविषयी मला थोडा जास्त जिव्हाळा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये जपान व अमेरिकेत विक्रीस आले. अमेरिकेत २० जीबीच्या मॉडेलची किंमत ४९९ डॉलर आणि ६० जीबीच्या मॉडेलची ५९९ डॉलर होती. त्याच महिन्यात निन्टेंडोचे ‘वी’ हे यंत्र अडीचशे डॉलरला आले, आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० तर एक वर्ष आधीपासून २९९ व ३९९ डॉलरला मिळत होते. म्हणजे एका प्लेस्टेशनच्या पैशांत दोन ‘वी’ घेऊन वर चहापाण्याला पैसे उरत. जपानमध्ये २० जीबीच्या मॉडेलची जाहीर केलेली ६२,७९० येन ही किंमत विक्री सुरू होण्यापूर्वीच ४९,९८० येनवर आणावी लागली. भारतात हे यंत्र २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आले. आमच्या तालुक्यात त्या वर्षी ते कोणी घेतले असेल असे मला वाटत नाही.

इतकी किंमत का? कंपनी अवाच्या सवा नफा घेत होती म्हणून नव्हे. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उघडून प्रत्येक भागाचा हिशेब केला, तेव्हा ६० जीबीच्या एका यंत्राचा खर्च सुमारे ८४० डॉलर निघाला. ५९९ ला विकूनही प्रत्येक यंत्रामागे दोनशेहून अधिक डॉलरचा खड्डा! मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या खेळ विभागाला सुमारे २३२ अब्ज येन इतका तोटा झाला. खर्चाची मुख्य कारणे दोन. एक म्हणजे ‘सेल’ ही नवी प्रक्रियक चिप, आणि दुसरे ब्लू-रे तबकडी वाचणारा भाग. त्यासाठी लागणारे निळ्या लेझरचे डायोड पुरेसे तयार होत नव्हते, म्हणून युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली. शिवाय जुन्या प्लेस्टेशन २ चे खेळ चालावेत म्हणून त्या जुन्या यंत्राच्या चिपाही आत बसविल्या होत्या. ग्राहकाला सर्व काही द्यायचे, असा हा थाट होता. ग्राहकाने मात्र किंमत वाचली आणि तो शेजारच्या फळीकडे वळला.

यापुढचा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटतो. माझ्या घरी कांदा पिकतो. कांद्याचा भाव पडला की आमच्याकडे दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही. कारण भाव पाडणारा दुसराच कोणी असतो आणि आमचा उत्पादनखर्च जिथल्या तिथे राहतो. कन्सोलच्या धंद्यात उत्पादक स्वतःच भाव उतरवितो, त्याची जाहिरात करतो, आणि त्याचे नुकसान वाढण्याऐवजी कमी होत जाते. हे कसे घडते?

उत्तर चिपच्या आकारात आहे. चिपा सिलिकॉनच्या गोल चकतीवर एकदम शेकड्यांनी तयार करतात आणि मग कापून वेगळ्या करतात. एका चकतीचा खर्च साधारण ठरलेला असतो. कापडाच्या ताग्यातून झबली जितकी लहान बेतावीत तितकी जास्त निघतात, तसेच येथे आहे. ‘सेल’ चिप प्रथम ९० नॅनोमीटर पद्धतीने बनत असे. पुढे ती ६५ वर आणि मग ४५ नॅनोमीटरवर आली. चिप लहान झाली की तिला वीज कमी लागते. वीज कमी म्हणून ती तापते कमी. म्हणून पंखा लहान, वीजपुरवठ्याचा भाग लहान, पेटी लहान, आणि पेटी लहान म्हणून जहाजाचे भाडेही कमी. एका सुधारणेच्या पाठोपाठ चार बचती येतात. कांद्याला ही सोय नाही.

पण सगळीच बचत अशी निरुपद्रवी नसते, आणि येथेच माझा मुख्य मुद्दा येतो. २००७ च्या अखेरीस अमेरिकेत ३९९ डॉलरचे ४० जीबीचे मॉडेल आले. एका वर्षात दोनशे डॉलर कमी! मात्र त्यातून प्लेस्टेशन २ च्या चिपा काढून टाकल्या होत्या. जुने खेळ त्यावर चालत नव्हते. यूएसबीची चार द्वारे होती तेथे दोन राहिली, कॅमेऱ्याची कार्डे वाचण्याची सोय गेली. म्हणजे किंमत तृतीयांशाने उतरली, पण ‘वस्तू तीच’ हे गृहीतक मोडले. ज्याच्याकडे प्लेस्टेशन २ च्या खेळांची चळत होती त्याच्या दृष्टीने हे नवे यंत्र स्वस्त झालेच नाही, कारण जुने यंत्रही त्याला जपून ठेवावे लागले. ज्याच्याकडे आधीचे काहीच नव्हते त्याला मात्र फरक पडला नाही. एकाच किंमतकपातीचा दोन ग्राहकांना दोन वेगळा अर्थ! मार्शलने सांगितलेले उपभोक्त्याचे संतोषाधिक्य मोजायचे तर या दोघांची बेरीज करून चालणार नाही.

खरी कलाटणी २००९ मध्ये मिळाली. १८ ऑगस्ट रोजी जर्मनीतील कोलोन येथे सोनीने प्लेस्टेशन ३ चे सडपातळ रूप जाहीर केले. किंमत २९९ डॉलर, आकार व वजन पूर्वीच्या सुमारे दोन तृतीयांश, वीजही त्याच प्रमाणात कमी. मूळ यंत्राचा पृष्ठभाग इतका चकचकीत होता की त्यावर बोटांचे ठसे उमटत. नवा मंद काळा झाला. सप्टेंबरच्या आरंभी विक्री सुरू झाली आणि तीन आठवड्यांत दहा लाखांहून अधिक यंत्रे गेली. आदल्या आर्थिक वर्षात विक्री एक कोटीच्या आसपास होती. या वर्षात ती एक कोटी तीस लाखांवर गेली. प्रतिस्पर्धी स्वस्थ बसले नाहीत. महिन्याभरातच एक्सबॉक्स ३६० चे वरच्या दर्जाचे मॉडेल २९९ वर आणि ‘वी’ १९९ डॉलरवर आले.

हे यश किंमतीचे की नव्या रूपाचे? या दोहोंची फारकत करणे कठीण आहे. नवे यंत्र दुकानात येण्याआधी काही दिवस जुने जाडे यंत्रही २९९ ला विकले जाऊ लागले होते, पण लोक नव्याची वाट पाहत असल्याने तो प्रयोग धड झालाच नाही. माझे मत असे की नुसत्या किंमतीने इतके साधले नसते. भाव उतरविलेला जुना माल पाहून ग्राहकाच्या मनात शंका येते की हा खपत नाही म्हणून स्वस्त झाला. तोच माल नव्या अंगरख्यात आला की ती शंका जाते, आणि स्वस्ताई घेतल्याचा कमीपणाही वाटत नाही. दुकानदारांना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. शिवाय २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी ही प्रतिस्पर्धी पद्धत सोडून दिल्यामुळे ब्लू-रेचे पारडे जड झाले होते. पूर्वी जो भाग केवळ किंमत फुगवीत होता तोच आता आकर्षण ठरला.

या सडपातळ यंत्रातही एक वजाबाकी होती. पूर्वीच्या यंत्रावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसविता येत असे; नव्यात ती सोय नव्हती. पुढे १ एप्रिल २०१० रोजी एका सुधारणेद्वारे जुन्या यंत्रांतूनही ती काढण्यात आली. सुधारणा न घ्यावी तर कंपनीच्या जाळ्यावर इतरांशी खेळता येत नव्हते. यावरून अमेरिकेत खटला झाला आणि कित्येक वर्षांनी तो तडजोडीने मिटला. सामान्य खेळाडूला लिनक्सचे काय, असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने १,७६० प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभा केला होता, तो या सोयीच्याच बळावर. नव्या मॉडेलमध्ये एखादी सोय न देणे हा सौदा झाला. विकलेल्या वस्तूतून ती काढून घेणे हा सौदा नव्हे.

आधी घेणाऱ्याचे काय, हाही प्रश्न आहे. ५९९ देणारा उत्साही आणि तीन वर्षांनी २९९ देणारा धिम्मा, या दोघांना एकच वस्तू वेगळ्या भावाने विकणे म्हणजे कालानुसार केलेला मूल्यभेद. दुधावरची साय आधी काढून घ्यायची, मग दूध विकायचे. तीन वर्षांचे अंतर असले तर पहिला ग्राहक कुरकुरत नाही. अंतर कमी असले तर काय होते ते निन्टेंडोने २०११ मध्ये अनुभविले. थ्रीडीएस हे हातातील यंत्र अमेरिकेत मार्चमध्ये २५० डॉलरला आले. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात ७ लाख १० हजारच खपले, आणि ऑगस्टमध्ये किंमत एकदम १७० डॉलर करावी लागली. पाच महिन्यांत ऐंशी डॉलरचा फरक! कंपनीने आधीच्या ग्राहकांना वीस जुने खेळ फुकट दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. यंत्र पुढे सावरले. श्रेय सर्वस्वी कपातीला देता येणार नाही, कारण त्या वर्षाअखेर मारिओचे दोन नवे खेळही आले होते. पण ग्राहकाला तोंड दाखविण्याची ही पद्धत मला आवडली.

आता अलीकडचे. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. भारतात ते फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपये झाले. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५० डॉलरने वाढली. चिपा लहान होण्याचा खर्चच आता वाढला असल्याने ताग्यातून पूर्वीसारखी बचत निघत नाही. थांबल्यास स्वस्त मिळेल, ही ग्राहकाची जुनी खात्री त्यामुळे डळमळली.

स्वस्त मॉडेल म्हणून जे मिळते त्यातून तबकडी घालण्याची जागाच काढलेली असते. भारतात सुरुवातीला या मॉडेलसाठी दहा हजार रुपये कमी पडत. २०२३ च्या सडपातळ रूपात तबकडीचा भाग वेगळा विकत घेऊन जोडता येऊ लागला. अमेरिकेत त्याला ८० डॉलर पडत. तबकडी नसेल तर मित्राचा खेळ उसना आणता येत नाही, जुना अर्ध्या किंमतीत घेता येत नाही, संपल्यावर विकताही येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एका गाळ्यात दोन जुनी प्लेस्टेशन ३ होती आणि ताशी पैसे देऊन आम्ही तेथे खेळत असू. मालकाजवळ तबकड्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यातल्या निम्म्या त्याने दुसऱ्या गावच्या गाळेवाल्याशी अदलाबदल करून आणलेल्या होत्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी डबा बदलला की आम्हा पोरांना नवे खेळ मिळत. तबकडी नसलेले यंत्र दहा हजारांनी स्वस्त असले तरी त्या मालकाने ते घेतले नसते.