भूक लागू दे

चि. मुक्ता,


ओवी भाजी-भाकरीला तोंड लावत नाही म्हणून नाचणीची बिस्किटं आणि नाचणीचे नूडल्स मागवलेस म्हणे. नाचणी चांगलीच. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, कणकेच्या जवळजवळ दहापट. पण बिस्किटात ती आहे किती? पुडा उलटा करून वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आधी मैदा, मग साखर, मग तेल आणि मग नाचणी असेल, तर नाव तेवढं तिचं.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुझ्या लेकीला भूकच लागत नाही. साडेचारला शाळेतून आली की वेफर्स, सहाला दूध-बिस्किट, सातला रडते म्हणून आणखी काही. मग आठला कुळथाची पिठी कशी गोड लागेल? संध्याकाळी एकदाच, पण नीट दे. थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, नाहीतर सकाळचा भात फोडणीला टाकून. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. दोन-तीन दिवस भोकाड पसरेल, पसरू दे. सासूबाईंना मात्र आधी विश्वासात घे, नाहीतर पदराआडून बिस्किट पोचलंच म्हणून समज.

नवी चव मुलं पहिल्या घासाला थुंकतात. तीच भाजी आठ-दहा वेळा पानात दिसली की हळूच हात जातो. तेव्हा शेपू एकदा नाकारला म्हणून कायमचा बंद करू नकोस. चमचाभर वाढ, आग्रह नको, आणि तुम्ही दोघं तिच्यासमोर तोच खा. तुम्ही पार्सल मागवायचं आणि तिनं नाचणी खायची, हे चार वर्षांच्या पोरीलाही कळतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. 1972च्या दुष्काळात रेशनची मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना विचार. सगळ्यांना गरम भाकरी वाढून बाईनं शेवटी उरलंसुरलं खायचं, हीही आपलीच खाद्यसंस्कृती. ती परत आणू नकोस. जावईबापूंना भाकरी थापायला शिकव. तव्याचे चटके सगळ्यांना सारखेच बसतात.

भाजणी आणि कुळथाचं पीठ पाठवते आहे. पावसाळी हवा आहे, डबे फ्रिजमध्येच ठेव. पिठी करताना पीठ आधी गार पाण्यात कालव, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. आमसुलं शेवटी टाक.

तुझी,
मावशी