‘स्लो वाढवून द्या’ म्हणण्याआधी

मांजरसुंब्याहून बीडकडे उतरताना घाटात गाडी न्यूट्रलला टाकायची सवय आमच्याकडे अनेकांना आहे. मलाही होती. मे महिना होता, अंबाजोगाईहून आईला घेऊन येत होतो. केज गेलं, नेकनूर गेलं. ऊन मी म्हणत होतं, एसी चालू होता. घाटात एका वळणावर इंजिन गप्प झालं आणि डॅशबोर्डवर लाल दिवे लागले. पहिला ब्रेक नीट लागला, दुसरा जड गेला, तिसऱ्या वेळी दगडावर पाय दाबतोय असं वाटलं. स्टिअरिंगही घट्ट झालं. मागून ट्रक येत होता. सगळा जोर लावून पाय ब्रेकवर रोवला, हँडब्रेक ओढला आणि कडेच्या मातीत गाडी कशीबशी उभी केली. आई काही बोलली नाही, पण तिनं माझा खांदा घट्ट धरला होता.

ही वेळ मी स्वतः ओढवून घेतली होती. तीन महिन्यांपासून गाडी सांगत होती. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, एसी लावला की आरपीएमचा काटा पडायचा, कधी बंदच व्हायची. मी एका गॅरेजमध्ये गेलो आणि स्वतःच उपाय सांगून मोकळा झालो : ‘स्लो वाढवून द्या.’ म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगानं फिरतं, तो वेग वाढवा. मिस्त्रीनं थ्रॉटलजवळचा एक स्क्रू फिरवला, इंजिन खणखणीत चालू लागलं. पाच मिनिटांचं काम. मी खूश होऊन घरी आलो.

कार्बोरेटरच्या गाड्यांना हा उपाय चालायचा. जुन्या मारुती 800 चा स्लो स्क्रूनंच लावत. पण इंजेक्शनच्या गाड्यांत स्लो सांभाळायचं काम स्क्रूकडे नसतं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटलची झडप जवळपास मिटते. मग इंजिनाला श्वास मिळतो तो झडपेला वळसा घालून जाणाऱ्या एका बारीक वाटेनं. त्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याचं टोक लहानशी मोटर मागेपुढे सरकवते, तशी हवा कमीजास्त होते. किती सरकायचं ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन गार असेल तर जास्त हवा देऊन तो आरपीएम बाराशेच्या वर ठेवतो, तापलं की साडेसातशे ते नऊशेच्या आसपास आणतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला, हेडलाइट लागले, की ओझं वाढल्याचं ओळखून वाट थोडी आणखी उघडतो.

म्हणून त्या स्क्रूचा घोटाळा मोठा. झडप किती उघडी आहे हे सांगणारा सेन्सर तिथंच असतो. स्क्रूनं झडप जबरदस्तीनं उचलून धरली, की माझ्या गाडीसारख्या गाड्यांत कॉम्प्युटरला वाटतं, चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे. मग तो स्लो सांभाळणंच सोडून देतो. घाटात एसीचं ओझं पडलं तेव्हा सावरणारं कुणी नव्हतं. आणि इंजिन बंद पडलं की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एकदोन दाबांत संपतो.

बीडला दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी पाना उचलला नाही. गार असताना थरथरते की तापल्यावर? एसीशिवाय बंद पडते का? काटा पडतो, की काटा स्थिर राहून नुसती बॉडी हलते? हे प्रश्न विचारता विचारता त्यांचं निम्मं निदान झालं. आता मीही कुणाच्या गाडीजवळ उभा राहिलो की हेच विचारतो. ओझं पडल्यावर काटा घसरत असेल, तर हवेची वाट तुंबलेली असते किंवा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. काटा उगाच वर राहत असेल किंवा वरखाली झोके घेत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय. ठरावीक तालात झटका बसत असेल, सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ येत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय. मग प्लग, कॉइल, इंजेक्टर बघा. आणि काटा जागचा हलत नाही, मिसिंगही नाही, तरी सीट थरथरते, तर इंजिनाचं माउंटिंग तपासा. यातली निम्मी पारख कुठलंही हत्यार न लावता होते, म्हणून गॅरेजला जाण्याआधी आठवडाभर नीट लक्ष ठेवा आणि लिहून ठेवा.

त्यांनी थ्रॉटल उघडला, तेव्हा आत काळा, चिकट थर होता. इंजिनातून परत येणारी तेलकट वाफ आणि बारीक धूळ मिळून हा थर बसतो. एअर फिल्टर तर मातीनं भरला होता. आमच्या कच्च्या रस्त्यांवर, उसाच्या ट्रॅक्टरांमागून जाताना जी धूळ उडते, तिचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. पुस्तिकेत लिहिलेलं अंतर चांगल्या रस्त्यांसाठी असतं. धुळीत फिल्टर त्याच्या आधीच बघायला हवा.

स्प्रेनं वाट साफ केली, स्क्रू मूळ जागी आणला. गाडी चालू केली आणि आरपीएम तेराशेवर चढून बसला! मला वाटलं, बिघडवली. ते मात्र म्हणाले, ‘आता खरा रोग दिसला.’ साबणाचं पाणी जोडांवर थोडं थोडं मारत गेले. एका रबरी पाइपच्या वाकणावर पाणी पडताच इंजिनाचा सूर बदलला. तिथं चीर होती. तुंबलेल्या वाटेतून जी हवा मिळत नव्हती, तिची थोडी भरपाई ही चीर करत होती. दोन दोष एकमेकांना झाकून बसले होते आणि वरून माझ्या स्क्रूनं दोन्ही झाकले. पाइप बदलला, काटा आठशेवर येऊन स्थिरावला.

घरी कुणी हे करणार असेल तर काही गोष्टी जपा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल मारून गळती शोधू नका, आग लागते. व्हॉल्व्हचं टोक बोटानं दाबू नका, आतली यंत्रणा मोडते. मोटरला स्प्रेनं अंघोळही घालू नका. काढलेलं रबरी सील फुगलं किंवा कडक झालं असेल, तर नवंच घाला. साफसफाईनंतर सुरुवातीला स्लो थोडा वेडावाकडा वाटतो, कारण कॉम्प्युटर जुन्या घाणीच्या हिशेबानं चालत असतो. काही गाड्यांना स्लो स्कॅनरनं नव्यानं शिकवावा लागतो. नव्या गाड्यांत हा वेगळा व्हॉल्व्ह नसतोच, वायरवर चालणारी थ्रॉटलची झडपच ते काम करते. तिथं इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नका आणि हातानं ती ढकलू नका.

घाट आता मी तिसऱ्या गियरमध्ये उतरतो. गियरमध्ये पाय सोडला की इंजेक्शनची गाडी उतारावर पेट्रोल तोडतेच, त्यामुळे न्यूट्रलनं वाचत काहीच नव्हतं. आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडलंच, तर किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक वारंवार सोडून दाबू नका, एकदाच दाबून धरा. गियर टाकून क्लच हळू सोडला, तर चाकं इंजिनाला पुन्हा फिरवतात. त्या दिवशी वळणावर मला यातलं एकही माहीत नव्हतं.