वसंतातील पदयात्रा : मार्गाची निवड कशी करावी?

फाल्गुन-चैत्रात कोपरगाव परिसरातून अनेक भाविक पायी दर्शनास निघतात. कोणते क्षेत्र हे श्रद्धा ठरवते. परंतु कोणता मार्ग, किती दिवस आणि कोणत्या वेळी चालावे, याचा विचार निघण्यापूर्वीच करणे हितावह असते. या ऋतूत सकाळ सुखद असली तरी दुपारचे ऊन जीवघेणे ठरू शकते.

आपल्यासमोर प्रामुख्याने तीन मार्ग आहेत.

पहिला शिर्डीचा. अंतर सुमारे 15 किलोमीटर. रामनवमीस पहाटे निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी पोहोचता येते. प्रथमच चालणाऱ्यांनी, ज्येष्ठांनी व लहान मुले सोबत असणाऱ्यांनी हाच मार्ग निवडावा. मात्र नगर-मनमाड महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ मोठी असल्याने सावधगिरी आवश्यक आहे.

दुसरा पैठणचा. फाल्गुन वद्य षष्ठीस तेथे नाथषष्ठीचा उत्सव असतो. पुणतांबे, श्रीरामपूर, नेवासे असे गेल्यास चांगदेवांची समाधी आणि ज्ञानेश्वरीशी निगडित पैस खांब यांचेही दर्शन घडते. हुताशनी पौर्णिमेस निघून षष्ठीस पोहोचता येते. रोज 20 ते 25 किलोमीटर चालण्याची तयारी मात्र हवी. ऊन चैत्राच्या मानाने सौम्य असते, शिवाय वद्य पक्षात पहाटे चंद्रप्रकाश मिळतो.

तिसरा सप्तशृंगगडाचा. तेथील चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालतो. येवला, मनमाड, चांदवडमार्गे अंतर 100 किलोमीटरहून अधिक असून शेवटी नांदुरीचा घाट चढावा लागतो. नवमीच्या सुमारास चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो, त्यामुळे पहाटे विजेरी अत्यावश्यक ठरते. ज्यांना अखेरच्या पायऱ्या चढणे कठीण आहे, त्यांच्यासाठी 2018 पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय आहे.

निवड करताना समूहातील सर्वांत अशक्त व्यक्तीची चाल प्रमाण मानावी. प्रत्येक मुक्कामी पाणी, सावली व रात्रीचा निवारा मिळेल याची आधी खात्री करून घ्यावी. मार्गात कोठे एस.टी. मिळते, हेही पाहून ठेवावे. लांबच्या यात्रेपूर्वी एकदा शिर्डीपर्यंत चालून पाहिल्यास पादत्राणे व पाय या दोहोंची परीक्षा होते.

पहाटे चारला निघून दहापर्यंत थांबावे. उर्वरित अंतर सायंकाळी कापावे. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एका रांगेत चालावे. अंधारात पांढरी वस्त्रे व चमकणाऱ्या पट्ट्या वापराव्यात. चालण्याच्या दिवशी निर्जळी उपवास करू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवावे. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निघावे.

सहयात्री असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल गेला वा अंग तापले, तर तो उष्माघात असू शकतो. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

अर्ध्या वाटेवरून वाहनाने पुढे गेल्यास यात्रा खंडित झाली, असे मानण्याचे कारण नाही. सर्वांनी सुखरूप जाऊन सुखरूप घरी परतावे, हेच यात्रेचे साफल्य होय.