सावलीचे गणित

पेशवाईतील पुण्यात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी वेशीच्या आत मज्जाव होता, अशी नोंद समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील ग्रंथात केली आहे. कारण एवढेच की, त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि त्यांचा विटाळ होतो! हा भाग शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना मैदानात नेतो आणि एक मीटरची काठी उभी करतो.

भिवंडी सुमारे १९.३ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंश वर असतो. काठीची सावली सुमारे ९२ सेंटिमीटर भरते. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो व सावली काठीच्या पायाशीच विरते. काठी कोणीही धरली तरी माप तेच येते.

परिसंस्थेचे अभ्यासक हेच गणित डोंगरांना लावतात. त्याच डिसेंबरच्या दुपारी ३० अंशांचा दक्षिण उतार तेवढ्याच उत्तर उताराच्या तिपटीहून अधिक थेट ऊन घेतो. साहजिकच सावलीच्या अंगाला ओल अधिक टिकते आणि दोन्ही अंगांच्या झाडीत फरक पडू शकतो. हे संपूर्ण प्रदेशासाठी मोजण्यास जमिनीच्या उंचीचा नकाशा लागतो. २००५ मध्ये इस्रोने सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने एकाच भूभागाची दोन कोनांतून छायाचित्रे घेतली. त्यांवरून उंची काढता येते. संगणक नकाशाचे लहान चौकोन पाडतो, प्रत्येकाचा उतार व दिशा ठरवितो, सूर्य आणि चौकोन यांच्यामध्ये डोंगर आड येतो का ते तासातासाला तपासतो आणि वर्षभराच्या उन्हाची बेरीज मांडतो. ढग व झाडांची छाया यांचा हिशेब मात्र निराळा धरावा लागतो.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एक विनंती आहे. आपल्या तालुक्यातील लोणाडच्या लेण्यांस जाल, तेव्हा होकायंत्र न्या; लेण्यांचे तोंड कोणत्या दिशेस आहे आणि ऊन कोणत्या वेळी आत शिरते, ते मुलांसह टिपून ठेवा. पुढे एप्रिलच्या भर दुपारी आपल्या वस्तीतही फिरा. यंत्रमाग आणि गोदामांच्या पत्र्यांखाली राबणाऱ्यांच्या वाटेवर किती पावले सावली आहे, ते मोजा. एकेकाळी सावलीच्या निमित्ताने आपल्या पूर्वजांना वेशीबाहेर ठेवले गेले. आज ती कोणाला लाभते आणि कोणाला नाही, हे मोजमापाने सिद्ध करून महानगरपालिकेकडे झाडे मागण्याचे काम आपल्या मुलांनी करावे, असे आम्हांस वाटते.