इंटरनेटवर शासन निर्णय कसा शोधावा?

ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा तयार करताना वित्त आयोगाच्या निधीतून पिण्याच्या पाण्यासाठी किती व रस्त्यांसारख्या इतर कामांसाठी किती रक्कम ठेवावी, हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो. पूर्वी त्याचे उत्तर पंचायत समितीच्या कार्यालयातील परिपत्रकांच्या नस्तीत मिळे. आता ते मोबाइलवर शोधले जाते आणि ते मिळतेही. अडचण अशी की एक उत्तर मिळत नाही, तीन मिळतात.

चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२० या वर्षांत, ग्रामपंचायतींच्या अनुदानाचे मूलभूत व कामगिरीवर आधारित असे अनुक्रमे ९० व १० टक्के भाग होते. पंधराव्या आयोगाने २०२०-२१ या एका वर्षापुरता निम्मा निधी बंधित व निम्मा अबंधित ठेवला. पुढे २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी हे प्रमाण ६० व ४० टक्के झाले. बंधित ६० टक्क्यांपैकी निम्मा भाग स्वच्छतेसाठी व निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी होता. ही तिन्ही उत्तरे आपापल्या काळात बरोबरच होती. परंतु २०२३ साली एखाद्या ग्रामपंचायतीने २०२०-२१ चा आदेश समोर ठेवून दहा लाख रुपयांचे नियोजन केले असते, तर पाणी व स्वच्छतेची एक लाखाची रक्कम इतर कामांकडे वळली असती. गावाचे पाण्याचे काम मागे पडावे आणि वर लेखापरीक्षणात आक्षेपही निघावा, अशी ही चूक आहे. तिचे मूळ हिशेबात नसते. ते शोधण्याच्या पद्धतीत असते.

शोधयंत्राला प्रश्न समजतो व ते विचार करून उत्तर देते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक त्याचे मुख्य काम ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखे आहे. जगभरच्या संकेतस्थळांवरील पाने ते अगोदरच वाचून ठेवते, कोणता शब्द कोणत्या पानावर आला याची नोंद करते आणि आपण शब्द दिले की त्या नोंदी चाळते. आधुनिक शोधयंत्रे समानार्थी शब्दांचाही विचार करतात, ही गोष्ट खरी. तरीही कागद लिहिणाऱ्याने जे शब्द वापरले असतील, तेच आपण दिल्यास कागद लवकर हाती लागतो. ‘आमच्या गावाला किती पैसे मिळणार’ हे वाक्य कोणत्याही शासन निर्णयात नसते. तेथे ‘अनुदान वितरित करणेबाबत’, ‘निधीच्या विनियोगाबाबत मार्गदर्शक सूचना’ अशी भाषा असते. कार्यालयीन मराठीवर आपण एरवी कितीही टीका केली, तरी शोधाच्या वेळी ती उपयोगी पडते.

मराठीच्या बाबतीत काही खास अडचणी आहेत. आपल्या भाषेत नामाचे सामान्यरूप होते. ‘पंधरावा वित्त आयोग’ हे शब्द दुहेरी अवतरण चिन्हांत घालून शोधले, तर शोधयंत्र नेमकी तीच शब्दरचना शोधते; आदेशात मात्र ‘पंधराव्या वित्त आयोगाच्या’ किंवा ‘१५ व्या वित्त आयोगांतर्गत’ असे लिहिलेले असते. अवतरण चिन्हे हे फार उपयुक्त साधन आहे, पण त्यांत घालायचे रूप आदेशातलेच हवे. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे वाटू शकतात. म्हणून एका रूपाने काही न सापडल्यास दुसरे रूप घालून पाहावे आणि अंकही देवनागरी व इंग्रजी अशा दोन्ही प्रकारांनी देऊन पाहावेत.

याहून मोठी अडचण जुन्या कागदांची आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे, त्यांत पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत साठवलेली असत ती भलतीच चिन्हे. कित्येक आदेश तर केवळ छायाचित्राच्या स्वरूपात चढवलेले आहेत. अशा कागदांच्या आतील मजकूर शोधात सापडेलच असे नाही. त्यांच्या शीर्षकावर व दिनांकावर भिस्त ठेवावी लागते. जुने कागद जुन्या नावांनीच शोधावेत, हेही ओघाने आलेच. धाराशिव व छत्रपती संभाजीनगर ही जिल्ह्यांची नावे २०२३ मधली, तर अहिल्यानगर हे २०२४ मधले. त्यापूर्वीच्या आदेशांत उस्मानाबाद, औरंगाबाद व अहमदनगर हीच नावे आढळतील. ग्रामपंचायत अधिनियमही २०१२ पर्यंत ‘मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८’ या नावाने ओळखला जात होता.

शोधाचे क्षेत्र मर्यादित करणे ही यापुढील पायरी होय. ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत लिहून त्यापुढे कोलन द्यावा आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. मग केवळ त्याच संकेतस्थळावरील पाने पुढे येतात. पत्त्याच्या जागी ‘जीओव्ही डॉट इन’ एवढेच लिहिले, तरी खाजगी संकेतस्थळे व त्यांच्या जाहिराती वगळल्या जातात, कारण ही अक्षरे असलेला पत्ता केवळ शासकीय संस्थांनाच दिला जातो. नको असलेल्या शब्दाच्या आधी, जागा न सोडता, वजाबाकीचे चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने गळतात.

मात्र जी पाने विभाग, दिनांक इत्यादी रकाने भरल्यानंतरच उघडतात, तेथपर्यंत शोधयंत्र बहुधा पोहोचत नाही. त्यामुळे शासन निर्णयांसाठी महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयांच्या स्वतंत्र दालनातच शोध घेणे इष्ट. तेथे विभाग, शीर्षकातील शब्द, दिनांक किंवा संकेतांक यांच्या आधारे शोधता येते. हा संकेतांक निर्णयाच्या अखेरीस छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस दर्शवतात. व्हॉट्सॲपवरून आलेला ‘शासन निर्णय’ खरा की खोटा, हे पडताळण्याचा सोपा मार्ग म्हणजे हा संकेतांक दालनात घालून पाहणे. आदेशावरील दिनांक व संकेतांकातील दिनांक यांत थोड्या दिवसांचा फरक असू शकतो. वर्षाचाच फरक असेल तर संशयास जागा आहे.

कागद खरा ठरला, तरी तो अंमलात आहे की नाही, हे पाहावयाचे राहतेच. निर्णयाच्या आरंभी ‘संदर्भ’ किंवा ‘वाचा’ या शब्दाखाली पूर्वीच्या आदेशांची यादी असते. त्यावरून मागचा माग लागतो. पुढचा माग स्वतः काढावा लागतो. त्यासाठी हाती आलेल्या निर्णयाचा क्रमांक घेऊन तो नंतरच्या कोणत्या कागदात उल्लेखिला आहे हे शोधावे, आणि ‘शुद्धिपत्रक’, ‘सुधारणा’, ‘अधिक्रमित’ हे शब्द जोडून पाहावेत. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. अलीकडे शोधयंत्रे पानाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले तयार उत्तर देऊ लागली आहेत. ते आत्मविश्वासाने लिहिलेले असते, पण त्यात दोन वर्षांचे आदेश एकत्र झालेले असण्याचा संभव असतो. त्याखालील दुव्यावरून मूळ कागद उघडावा व दिनांक वाचावा. टिपणीत किंवा ठरावात उल्लेख करावयाचा तो त्या कागदाचा.

इतके करूनही आदेश सापडला नाही, तर तो अस्तित्वातच नाही असे समजू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी पुष्कळशी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे, आणि जी प्रसिद्ध झालेली नाही ती मागण्यासाठी कलम ६ खाली अर्ज करता येतो. अर्जात विभागाचे नाव, अंदाजे वर्ष आणि आदेशाचा विषय त्याच कार्यालयीन शब्दांत लिहिल्यास जन माहिती अधिकाऱ्यालाही तो कागद काढणे सुकर जाते.