पोलादाआधी भट्टी विचारा

रानात वापरायला हाताने घडवलेला चाकू घ्यायचा म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न पोलादाच्या नावाचा असतो. डी-२ घ्यावं, ४४०-सी घ्यावं, की लोहाराकडचं, ट्रकच्या कमानपाट्याचं? माझी बाग रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि पाऊस ओसरला की सह्याद्रीत भटकणं ठरलेलं, त्यामुळे चाकू-कोयता रोजच हातात असतो. माझं सांगणं एवढंच, की पोलादाचं नाव नंतर विचारा. त्याला पाणी कोणी आणि कसल्या भट्टीत दिलं, म्हणजे ते तापवून-निववून कडक कोणी केलं, हे आधी विचारा. यात गफलत झाली तर काय होतं, ते मी एका सोबत्याच्या तळहातावर पाहिलं आहे.

त्याचा चाकू देखणा होता. डी-२चं जाडजूड पातं, पाठीवर करवतीचे दाते, मायकार्टाची मूठ. शहरातल्या एका कारागिराकडून मुद्दाम करवून घेतलेला. ओलं सरपण उभं चिरण्यासाठी पात्याच्या पाठीवर ओंडक्याने ठोकत असताना चाकू मुठीच्या तोंडाशी कडकन तुटला आणि तुटकी कड त्याच्या तळव्यात गेली. टाके पडले. अंगठ्याजवळची बधिरता अजून पूर्ण गेलेली नाही. मोडलेल्या जागी पोलाद साखरेसारखं रवाळ दिसत होतं. नीट पाणी दिलेल्या पोलादाची मोड बारीक, करडी असते. रवे जाड दिसले तर ताव जास्त झाला असं समजावं. चौकशी केली तेव्हा कळलं, की पातं कोळशाच्या भट्टीत, नुसता रंग पाहून तापवलेलं होतं.

डी-२ हे मुळात कारखान्यातल्या डाय आणि साच्यांसाठीचं पोलाद. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का, क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास. ते १००० अंशांच्या आसपास, एकसारख्या तापमानाला काही वेळ धरून ठेवावं लागतं. पाणी दिल्यावर मंद तावावर, बहुधा दोनदा, शेकून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. तापमान दाखवणारी विजेची भट्टी असेल तरच हे जमतं. कमानपाट्याचं पोलाद त्या मानाने सोशिक. त्यात कार्बन ०.६ टक्क्याच्या जवळपास. ७७० अंशांच्या सुमारास तापल्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं होतं; त्याच्या थोडं पुढे नेऊन बुडवलं की काम होतं. जुने लोहार अंधाऱ्या लोहारशाळेत लालीवरून हा क्षण ओळखतात, आणि बरेचदा फक्त धारेची कड बुडवतात. पाठ मऊ राहते, म्हणून कोयता ठोके सोसतो. नवं पोलाद वाईट नाही. नवं पोलाद जुन्या भट्टीत घालणं वाईट.

मात्र भंगारातल्या पाट्यावरही डोळे मिटून विसंबू नका. ट्रकखाली वर्षानुवर्षं दबून-उसळून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. शक्य तर लोहाराला न वापरलेली पट्टी आणून द्या.

पातं हाती आलं की, विकणाऱ्याची परवानगी घेऊन, मुठीजवळच्या धारेवर चांगली कानस हलकेच चालवून पाहा. कानस घसरली तर पातं कडक आहे; तिने पोलाद खाल्लं तर ते मऊ. मग पितळेची कांडी आडवी धरून तिच्यावर धार थोडी दाबून सरकवा. दाबाखाली कड किंचित वाकून पुन्हा सरळ झाली पाहिजे. वाकलेली राहिली तर पाणी कमी पडलं; कपचा उडाला तर ठिसूळ. असा कपचा उडालेला चाकू कितीही सुंदर असला तरी परत करा.

गंजाबद्दलही गैरसमज फार आहेत. डी-२ कधीकधी स्टेनलेस म्हणून खपवलं जातं. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं गेलेलं असतं, त्यामुळे आमच्या खाऱ्या हवेत त्याला खड्डे पडतात. शिवाय गावातल्या दगडावर त्याला धार चढत नाही, हिऱ्याची पट्टी लागते. साधं पोलाद कैरी-कोकम कापताना काळं पडतं. तो काळा थर घासून काढू नका, तो गंजाला थोडा आवरतो. लाल डाग मात्र लगेच काढा, पातं कोरडं करून खोबरेल चोळा. मासळीच्या आणि समुद्रावरच्या कामाला मी निःशंकपणे नीट पाणी दिलेलं ४४०-सी सुचवेन.

घडणीत मी जुन्यांच्या बाजूचा आहे. कोयत्याचं वाकडं नाक फांदी ओढून घेतं आणि धारेला दगडापासून वाचवतं. फिनलंडचा पुक्को लहान आणि पातळ, कारण तो लाकूड तासण्यासाठी घडला. प्रत्येक घाट कुठल्यातरी कामातून आला आहे. सगळी कामं एकाच चाकूने करायची म्हणून पातं सहा मिलिमीटर जाड केलं, तर ते चिरत नाही, नुसतं फाकवतं. पाठीवरचे दाते तर काढूनच टाका म्हणा. ठोकताना ते ओंडका कुरतडतात आणि पात्याला कमजोर करतात.

मुठीत मात्र नवं जिंकतं. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, शेंबी सैल होते आणि ऐन कामात पातं निसटतं. मायकार्टा म्हणजे राळेत भिजवून दाबलेले कापडाचे थर. ते फुगत नाही आणि ओल्या हातातही धरवतं. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं. पातं जिथे मुठीत शिरताना अरुंद होतं, तिथला आतला कोपरा गोलावलेला आहे ना, हे विचाराच. सोबत्याच्या चाकूत तिथे काटकोनी खाच होती आणि चीर तिथूनच धावली. चामड्याचं म्यान पावसात पाणी धरून ठेवतं, म्हणून पावसाळ्यात तळाशी भोक असलेलं प्लास्टिकचं म्यान किंवा कमरेची उघडी आकडी बरी.

शेवटी कायदा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. घरगुती आणि शेतीची अवजारं वगळली आहेत. पण बागेतला कोयता शहरात कमरेला लावून फिरलात तर पोलीस विचारणारच. अभयारण्यात नियम आणखी कडक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही. हरिश्चंद्रगड आणि वासोटा दोन्ही अभयारण्यांत आहेत. तिकडे जाणार असाल तर वनखात्याला आधी विचारा, नाहीतर चाकू घरीच ठेवा.